दिवसाला सात फीड जातात, तरी नानांचं वजन का उतरतंय?

पत्र: माझे सासरे, नाना, ७२ वर्षांचे आहेत. उंची साडेपाच फूट, जुनी शुगर, किडनी ठीक. अकरा दिवसांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि गिळणं बंद झालं. पहिले चार दिवस फक्त सलाइन होतं, मग नाकातून रायल्स ट्यूब घातली. चार्टवर 'आरटी फीड २०० मिली, दर दोन तासांनी' एवढंच लिहिलंय. काय द्यायचं ते आम्हीच ठरवतो: दोनदा डाळीचं पाणी, दोनदा निम्मं पाणी घातलेलं दूध, एकेकदा नारळपाणी, मोसंबीचा रस आणि ताक. झटक्याआधी दोन महिने वजन ५८ किलो होतं, काल बेडच्या काट्यावर ५२ भरलं. रोज पाच-सहा जुलाब होतात. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन २.६ आलं, म्हणून नात्यातले एकजण अल्ब्युमिनची बाटली चढवा म्हणतात. नाना चहासाठी हट्ट करतात, आईंनी गुपचूप दोन-चार चमचे दिलेही. चार दिवसांनी डिस्चार्ज आहे. पुढे पेग (पोटाच्या त्वचेतून थेट जठरात बसवलेली नळी) करावं लागेल असं डॉक्टर म्हणतात. आई म्हणतात, पोटाला भोक नको. काय करावं?
– एक सून, लोकमान्य नगर, इंदूर

ताई, आधी तुमच्या सात फीडची बेरीज मांडू. बाकीची बरीच उत्तरं तिच्यातूनच निघतील.

डाळीचं वरचं पाणी घेतलं की डाळ भांड्याच्या तळाशीच राहते. दोन वेळचं मिळून ४०० मिली, त्यात जेमतेम ८० कॅलरी आणि ४ ग्रॅम प्रथिनं. नारळपाण्याच्या ४० कॅलरी, प्रथिनं नावाला. मोसंबीच्या रसाच्या ८०-८५. निम्मं पाणी घातलेलं दूध दोनदा म्हणजे खरं दूध २०० मिली: १२० कॅलरी, ६ ग्रॅम. ताकाच्या ५०, प्रथिनं २ ग्रॅम. एकूण १४०० मिली पोटात गेलं, पण कॅलरी पावणेचारशे आणि प्रथिनं १२ ग्रॅम.

आजारी माणसाला दिवसाला किलोमागे २५ ते ३० कॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. ५२ किलोला हे १३०० ते १५६० कॅलरी आणि ६२ ते ७८ ग्रॅम प्रथिनं होतं. पाणी किलोमागे ३० मिली धरा, म्हणजे दीड लिटर. नानांना पाणी पुरेसं मिळालं, अन्न मात्र चौथा हिस्सा, आणि प्रथिनं तर पाचवा हिस्साही नाहीत. त्याआधीचे चार दिवस आणखी कोरडे गेले. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असतं, त्याच्या साधारण ८५ कॅलरी. साध्या नॉर्मल सलाइनमध्ये शून्य. बाटली लटकलेली दिसली की घरच्यांना वाटतं पेशंटला 'काहीतरी मिळतंय'. मिळतं ते मीठ आणि पाणी.

चार्टवर मिली लिहिलेत, कॅलरी लिहिलेल्या नाहीत, गोची इथेच आहे. सिस्टर इनटेक-आउटपुटच्या तक्त्यात २०० लिहून मोकळ्या होतात. ते २०० दुधाचे की नारळपाण्याचे, हे त्या तक्त्याला कळत नाही. आज राउंडच्या वेळी डायटिशियनला बोलावून घ्या आणि दिवसाला किती कॅलरी, किती ग्रॅम प्रथिनं आणि ती कशातून, हे फाइलवर लिहून मागा. मागायला संकोच करू नका. भरती झाल्यापासून २४ ते ४८ तासांत पोषणाची चाळणी, म्हणजे कुपोषणाचा धोका कुणाला आहे याची तपासणी, व्हावी असा नियम आहे. तिला फार काही लागत नाही: आताचं वजन, आधीचं वजन, उंची आणि किती दिवस अन्न कमी गेलं. नानांचं ५८ वरून ५२ म्हणजे १० टक्क्यांहून जास्त उतरलं. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) १८.५ च्या आसपास येतो. सत्तरीपुढच्या आशियाई माणसाला तो २० च्या खाली गेला की कमीच धरतात. अन्न निम्म्याहून कमी जाऊन आठवडा उलटला. कुठल्याही तक्त्यात घाला, नाना 'जास्त धोका' याच रकान्यात येणार. उतरलेल्या सहा किलोंत थोडं पाणीही असेल, पण स्नायूही गेलेत. घरी बेडचा काटा नसेल, म्हणून आजच टेपने दोन मापं घेऊन ठेवा. डाव्या, म्हणजे चांगल्या हाताचा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये. आणि डावी पोटरी, जिथे सगळ्यात जाड आहे तिथे. दंड २३.५ सेंमीच्या खाली किंवा पोटरी ३१ च्या खाली असेल तर स्नायू झिजलेत असं समजतात. पायाला सूज असेल तर पोटरीवर विश्वास ठेवू नका. दर रविवारी त्याच जागी मोजून वहीत लिहा.

अल्ब्युमिनचं इथेच संपवू. अल्ब्युमिन लिव्हरमध्ये बनतं आणि रक्तात त्याचं अर्धं आयुष्य तीन आठवड्यांच्या जवळपास असतं, म्हणून अकरा दिवसांच्या उपासाने ते एवढं घसरत नाही. आजाराच्या दाहामुळे लिव्हर ते कमी बनवतं आणि ते रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपतं, म्हणून आकडा खाली दिसतो. तो आकडा आजार किती जोरात आहे ते सांगतो, पोषणाबद्दल फारसं काही सांगत नाही. अल्ब्युमिनच्या बाटलीचे उपयोग वेगळे आहेत, उदाहरणार्थ लिव्हरच्या रोगात पोटातलं पाणी काढताना. पोषणासाठी ती चढवू नका. खर्च मोठा, आकडा दोन-तीन दिवस वर दिसतो आणि पुन्हा खाली येतो.

आता एक धोक्याची गोष्ट, आणि हिच्यासाठी घाई आवरा. गरज १४०० आहे म्हणून उद्या सकाळपासून १४०० सुरू करायच्या नाहीत. दहा-अकरा दिवस उपाशी राहिलेलं शरीर चरबीवर चालायला लागतं आणि पेशींमधला फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम यांचा साठा उतरलेला असतो. अशात एकदम पिष्ट अन्न आत गेलं की इन्शुलिन उसळतं आणि हे सगळे क्षार रक्तातून पेशींमध्ये ओढले जातात. रक्तातला फॉस्फरस कोसळला की श्वासाचे स्नायू थकतात, हृदयाचे ठोके बिघडतात. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. वजनातली १० टक्के घट आणि पाच दिवसांहून जास्त उपासमार, ही दोन कारणं एकत्र आली की पेशंट जास्त धोक्याचा; नानांना दोन्ही लागू आहेत. म्हणून सुरुवात किलोमागे १० कॅलरींनी, म्हणजे ५०० च्या आसपास, आणि मग चार ते सात दिवसांत पायरी-पायरीने पूर्ण. ढोबळ मानाने दोन दिवस ५००, मग ८००, मग ११००, मग १४००. अन्न वाढवायच्या आधी थायामिन (व्हिटॅमिन बी१) सुरू व्हायला हवं, आणि वाढवताना रोज रक्त तपासायला हवं. आपल्याकडे 'इलेक्ट्रोलाइट' म्हणून जी तपासणी होते तिच्यात सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड एवढंच येतं. फॉस्फरस आणि मॅग्नेशियम वेगळे लिहून द्यावे लागतात. डॉक्टरांना तेवढं विचारा. या पायऱ्यांतल्या पहिल्या दोन तरी हॉस्पिटलात असतानाच चढून व्हाव्यात. त्यासाठी डिस्चार्ज दोन दिवस पुढे गेला तरी चालेल.

घरी काय द्यायचं? एका मिलीला एक कॅलरी मिळणारी तयार पावडर परवडत असेल तर पहिले काही आठवडे तीच बरी. मोजमाप पक्कं असतं, जीवनसत्त्वं आणि क्षार त्यात असतात, नळी तुंबत नाही. शुगरवाल्यांसाठी वेगळी मिळते, ती घ्या, आणि डब्यावर लिहिलेल्या मापाने कालवा. डबा जास्त दिवस पुरावा म्हणून दोन चमचे कमी घालणं हा सर्रास चालणारा घोटाळा आहे. पावडर परवडत नसेल तर स्वयंपाकघरातलं फीडही चालतं. पूर्ण मापाला पोचल्यावर सात फीडचा हिशोब असा बसतो.

चार फीड दुधाची: टोन्ड दूध ४८० मिली, स्किम्ड मिल्क पावडर ६० ग्रॅम, चण्याचं सत्तू ४० ग्रॅम पाण्यात शिजवून, तेल चार चहाचे चमचे. मिक्सरमधून काढून, गाळून, पाणी घालून ८०० मिली करा. साधारण ८०० कॅलरी, ४४ ग्रॅम प्रथिनं.

तीन फीड खिचडीची: मुगाची डाळ ४५ ग्रॅम, तांदूळ ३० ग्रॅम, चिमूटभर मीठ, अर्धा लिटर पाणी. कुकरमध्ये पार मऊ शिजवून मिक्सरमधून काढा. हे गार होताना खळीसारखं घट्ट होतं, आणि घट्ट झालं की माणूस पाणी ओततो. तिथेच कॅलरी निम्म्या होतात. पाणी न ओतता मोड आणलेल्या गव्हाचं पीठ वापरा. गहू रात्रभर भिजवून, दोन दिवस मोड आणून, उन्हात खडखडीत वाळवा (मे महिन्यात इंदुरात एक दिवस पुरतो), अगदी मंद भाजून दळा. खरपूस भाजू नका, मोडातलं, पिष्ट फोडून पातळ करणारं एन्झाइम जळून जातं आणि मग ते नुसतं पीठ उरतं. खिचडी गॅसवरून उतरवून वाफ जरा निवली, पण भांड्याला हात लावला तर चटका बसतोय, अशा वेळी एक चहाचा चमचा हे पीठ टाका आणि ढवळत राहा. पाच-दहा मिनिटांत घट्ट पेज डोळ्यांसमोर सुटून पळीवरून धारेने पडू लागते. मग पुन्हा दोन-तीन मिनिटं उकळा, कारण मोडाच्या पिठात जंतू असू शकतात. तीन चमचे तेल आणि तीन पूर्ण उकडलेली अंडी मिक्सरमध्ये घालून बारीक करा, दोनदा गाळा, ६०० मिली करा. ६०० कॅलरी, ३० ग्रॅम प्रथिनं. घरात अंडं चालत नसेल तर ३० ग्रॅम व्हे प्रोटीन घ्या आणि तेल दोन चमचे वाढवा. व्हे कोमट फीडमध्येच घाला, उकळलंत तर गुठळ्या होतात. कच्चं अंडं कधीच नाही. पिष्ट असं सुटं झालं की साखर जरा लवकर चढते, म्हणून पहिले काही दिवस खिचडीच्या फीडनंतर दोन तासांनी ग्लुकोमीटरवर पाहा. घरच्या फीडसोबत जीवनसत्त्वांचं पातळ औषध डॉक्टरांकडून लिहून घ्या.

सात फीड सकाळी ६ पासून रात्री ९ पर्यंत अडीच-अडीच तासांनी बसतात, म्हणजे तुमची रात्र तुम्हाला मिळते. प्रत्येक फीडच्या आधी ३० आणि नंतर ३० मिली उकळून गार केलेलं पाणी. फीडमध्ये ८० टक्के पाणी धरलं तर दिवसाचं दीड लिटर भरतं, वेगळं मोजायला नको. उन्हाळ्यात घाम येत असेल तर डॉक्टरांना विचारून थोडं वाढवा. फीड झाकून लगेच फ्रीजमध्ये, २४ तासांच्या आत संपवायचं. बाहेर काढलेलं दोन तासांवर ठेवायचं नाही, आणि उन्हाळ्यात तासभरच. लागेल तेवढंच गरम पाण्यात ठेवून कोमट करा. उरलेलं टाकून द्या. घरून डब्यात सकाळी नेलेलं फीड दुपारी ३ ला देत असाल तर ते बंद करा, जुलाबांचा एक संशयित तोच आहे.

दुसरा संशयित औषधांच्या चार्टवर सापडतो. पक्षाघाताच्या पेशंटला बद्धकोष्ठ होऊ नये म्हणून रात्री लॅक्टुलोजचं सिरप लिहितात, आणि जुलाब सुरू झाले तरी ते बंद करायचं कुणाच्या लक्षात येत नाही. ते आधी पाहा. मग अँटिबायोटिक. मग सॉर्बिटॉल घातलेली शुगर-फ्री सिरपं आणि पोटॅशियमचं सिरप. अँटिबायोटिक चालू असताना जुलाब घाण वासाचे, ताप किंवा पोटफुगीसोबत असतील तर शौचाची तपासणी लागते, परस्पर जुलाब थांबवायची गोळी देऊ नका. मोसंबीचा रस आणि नारळपाणी तूर्त बंद करा. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं, ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांसोबत ते अंगावर येऊ शकतं. जुलाब होतायत म्हणून फीड बंद करणं मात्र चूक. फार तर प्रत्येक वेळी कमी द्या आणि वेळा वाढवा. दुधाच्या फीडनंतरच पोट गुडगुडत असेल तर दुग्धशर्करा नसलेल्या पावडरीवर या.

रायल्स ट्यूब जॉन रायल या इंग्लिश डॉक्टरांनी १९२१ च्या सुमारास पोटातला रस तपासायला बाहेर काढण्यासाठी वापरात आणली. आपण तिच्यातून उलट दिशेने काम करून घेतो. जाड असल्याने घरचं फीड तिच्यातून जातं, पण नाकपुडीला आणि घशाला टोचते. बारीक नळी सुखाची, तिच्यातून मात्र पावडरचंच फीड नीट जातं. नळी जाड असो की बारीक, नाकपुडीशी तिच्यावर मार्करने खूण करा आणि तिथला आकडा वहीत लिहा. प्रत्येक फीडआधी खूण पाहायची. सरकलेली दिसली, रात्री उलटी झाली किंवा जोराची ढास लागली होती, तर फीड द्यायचं नाही. हवा मारून पोटावर स्टेथोस्कोपने 'बुळुक' ऐकण्याची पद्धत भरवशाची नाही. नळी फुप्फुसात असली तरी तसा आवाज येऊ शकतो. सिरिंजने थोडा रस ओढून पीएच पट्टीवर ५.५ किंवा त्याखाली आला तर नळी पोटात आहे. ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर आकडा वर येऊ शकतो, अशा वेळी एक्स-रे.

देताना पाठ ३० ते ४५ अंश उचललेली हवी. मानेखाली नुसत्या उशा रचल्या तर पोट दुमडतं. कंबरेपासून उचला, आणि फीडनंतर पाऊण तास तसंच ठेवा. ६० मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या काढून फीड आपल्या भाराने खाली जाऊ द्या. २०० मिलीला १५ ते २० मिनिटं. दट्ट्याने ढकलून पाच मिनिटांत उरकलं की पोट फुगतं आणि उलटी होते. नळी तुंबली तर कोमट पाणी घालून सिरिंज हलकेच पुढे-मागे करा, दहा मिनिटं थांबून पुन्हा. तार घालायची नाही, कोल्ड्रिंक ओतायचं नाही.

गोळ्या फीडमध्ये कालवू नका. प्रत्येक गोळी वेगळी कुटून, १०-१५ मिली पाण्यात, मध्ये थोडं पाणी. नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर, सीआर, एमआर असलेली गोळी कुटायची नाही: दिवसभराचा डोस एकदम सुटतो. नानांना मेटफॉर्मिन एसआर किंवा कोटिंगवाली ॲस्पिरिन असेल तर डॉक्टरांकडून साधी गोळी बदलून घ्या. फिटसाठी फेनिटॉइन असेल तर ते फीडसोबत नीट शोषलं जात नाही. किती वेळ आधी-नंतर फीड थांबवायचं ते विचारा, सहसा एक ते दोन तास असतं.

इन्शुलिनचा एकच नियम पाठ करा: नळीची खूण पाहून झाल्यावर आणि फीड तयार हाताशी असेल तेव्हाच सुई. सुई देऊन मग नळी निघालेली कळली तर शुगर कोसळते. शुगर ७० च्या खाली आणि नळी जागेवर असेल तर तीन चमचे ग्लुकोज पाण्यात घालून नळीतून. नळी नसेल तर तोंडात काही ओतू नका, थेट जवळच्या हॉस्पिटलात न्या.

चहाचं आईंना सांभाळून सांगा. गिळण्याचा ताळमेळ गेलेल्या माणसाला पातळ, गरम चहा सगळ्यात अवघड. तो श्वासनळीत उतरतो, आणि पक्षाघातात अनेकदा ठसकासुद्धा लागत नाही, म्हणून 'काही झालं नाही' असं वाटतं. घशात घरघर, ओला आवाज, दोन दिवसांनी ताप, हे नंतर दिसतं. चमचे दिलेत हे डॉक्टरांना सांगून टाका, छाती तपासतील. आणि डिस्चार्जच्या आधी स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी करून घ्या. अनेकांचं गिळणं पहिल्या काही आठवड्यांत बरंच परततं. कदाचित घट्ट केलेले चार चमचे आत्ताच चालतील, पण ते त्यांनी ठरवायचं. तोवर दिवसातून दोनदा दात-जीभ मऊ ब्रशने साफ करा. तोंडाने खात नसलेल्या माणसाच्या तोंडात जंतू जास्त साठतात, आणि लाळेबरोबर तेच छातीत उतरतात.

पेगची आज घाई नाही. पक्षाघातानंतर लगेच पेग केलेल्यांचं पहिल्या दोन-तीन आठवड्यांत नाकातल्या नळीवर असलेल्यांपेक्षा बरं चाललं नाही, असं २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिसलं. पण चार आठवड्यांनंतरही गिळणं परतलं नाही, किंवा नाना नळी वारंवार उपटत असतील, तर पेग करून घ्या. आईंना सांगा की हे मोठं ऑपरेशन नाही: एंडोस्कोपी, थोडी गुंगी, पोटावर पेन्सिलीएवढी जाड नळी सदऱ्याआड झाकलेली. तोंडाने खायला जमू लागलं की ती काढता येते, भोक आपोआप बुजतं. नाक मोकळं राहतं आणि गिळण्याचा सराव सोपा जातो. आधी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत हे आवर्जून सांगा, आणि त्या परस्पर बंद करू नका. पेग झाल्यावर नळी चुकून निघाली तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका, काही तासांतच ते तोंड आकसायला लागतं. पहिल्या महिन्यात निघाली तर घरी परत घालायचा प्रयत्नही करू नका, मार्ग पक्का झालेला नसतो आणि नळी पोटाच्या बाहेरच उतरू शकते. निघालेली नळी पिशवीत घालून सोबत न्या, तिच्यावरचा नंबर पाहून त्याच मापाची दुसरी घालता येते.